नखावरील रंगाचे रसायन

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असो किंवा शिरगावच्या जत्रेत असो, बांगड्या, टिकल्या आणि रिबिनींच्या दुकानात एका फळीवर नेलपॉलिशच्या इवल्याशा बाटल्या रांगेने मांडलेल्या दिसतात. अर्ध्या औंसाहूनही कमी द्रव, आत बुडालेला ब्रश, वर काळे झाकण. लग्नसराईत ही बाटली घरोघरी पोहोचते. शाळकरी मुली ती हौसेने हाताळतात. परंतु ज्या द्रवाचा हा रंग बनतो, त्याची जात कोणती, तो वाळतो म्हणजे नेमके काय होते, आणि त्याच्याशी कोणत्या बाबतीत सावधगिरीने वागावे, याविषयी फारसे कोणी विचारीत नाही. ही बाटली म्हणजे अत्तराची किंवा तेलाची बाटली नव्हे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तिचे सख्खे नाते सुताराच्या लॅकरशी व मोटारीच्या रंगाशी आहे, आणि चुलत नाते तोफेच्या दारूशी आहे. हे विधान प्रथमदर्शनी अतिशयोक्तीचे वाटेल. तथापि त्यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही.

कापसाची किमया

नेलपॉलिशचा मुख्य घटक म्हणजे नायट्रोसेल्युलोज. नखावर जो चकचकीत, कठीण पापुद्रा शिल्लक राहतो तो प्रामुख्याने या पदार्थाचा असतो. जिनिंगच्या कारखान्यात कापसापासून रुई वेगळी काढल्यानंतर सरकीला आखूड तंतूंची लव चिकटून राहते. ही लव, किंवा लाकडाचा शुद्ध केलेला लगदा, हा त्याचा कच्चा माल होय. दोहोंमध्ये सेल्युलोज असते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेच्या असंख्य कणांची एकापुढे एक गुंफलेली लांबच लांब साखळी. या साखळीच्या प्रत्येक कडीवर हायड्रॉक्सिल नावाचे तीन गट असतात. नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांच्या मिश्रणात हे तंतू बुडविले की त्या गटांच्या जागी नायट्रेट गट येऊन बसतात. गंधकाम्लाचे काम मुख्यतः क्रियेत निर्माण होणारे पाणी शोषून घेण्याचे असते.

तीनपैकी किती जागा भरल्या यावर पदार्थाचा स्वभाव ठरतो. जवळजवळ सर्व जागा भरल्या आणि नत्राचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास गेले की तयार होतो तो ‘गनकॉटन’, म्हणजे स्फोटक कापूस. सरासरी सव्वादोन जागा भरल्या व नत्र सुमारे १२ टक्क्यांवर थांबविले, तर तो पदार्थ एस्टर जातीच्या द्रावकांत सहज विरघळतो व त्याचा उत्तम पापुद्रा बनतो. नेलपॉलिशमध्ये वापरतात तो हा दुसरा प्रकार होय. एका टक्क्याच्या फरकाने एक पदार्थ दारूगोळ्याच्या कोठारात जातो आणि दुसरा नवरीच्या पेटीत.

या शोधाची कथा मनोरंजक आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील प्राध्यापक क्रिस्तियान फ्रीड्रिख शोनबाइन यांच्या हातून स्वयंपाकघरात आम्ल सांडले, ते त्यांनी पत्नीच्या सुती एप्रनने पुसले, आणि शेगडीपाशी वाळत घातलेले ते वस्त्र क्षणात भस्म झाले, असे सांगितले जाते. कथेचा तपशील किती खरा हे बाजूस ठेवले तरी १८४६ मध्ये शोनबाइन यांनी आपला शोध जाहीर केला ही नोंद पक्की आहे. लगोलग कारखाने उभे राहिले आणि लगोलग उडालेही. इंग्लंडमधील फॅव्हरशॅम येथील कारखान्यात १८४७ साली भीषण स्फोट झाला. तंतूंत आम्लाचा अंश राहिला तर हा पदार्थ आपोआप कुजू लागतो, तापतो आणि पेट घेतो, हे नंतर ध्यानात आले. म्हणून आजही नायट्रोसेल्युलोज वारंवार धुऊन व उकळून आम्लरहित करतात, आणि ते कधीही कोरडे न पाठविता अल्कोहोलने ओले करूनच पिंपांत भरतात.

या पदार्थाने पुढे अनेक रूपे घेतली. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड तयार केले व १८७० साली त्याचे पेटंट घेतले. कंगवे, बाहुल्या, चष्म्याच्या दांड्या आणि सिनेमाची फीत ही सर्व त्याचीच अपत्ये. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला, तो अशाच नायट्रेट फितीवर. या फिती किती ज्वालाग्राही असतात याचा दुःखद प्रत्यय पुण्यात आला. जानेवारी २००३ मध्ये तेथील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारास आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे जुन्या नायट्रेट चित्रपटांचे मोठे धन भस्मसात झाले.

मोटारीचा रंग बोटांवर

पहिल्या महायुद्धानंतर दारूगोळ्याची मागणी ओसरली आणि नायट्रोसेल्युलोज बनविणारे कारखाने नवीन गिऱ्हाईक शोधू लागले. ते त्यांना मोटारीच्या धंद्यात मिळाले. तोवर मोटारीचा रंग तेलाचा असे व तो पुरता वाळण्यास आठवडे लागत. ड्यूपाँ कंपनीच्या ‘ड्यूको’ लॅकरने १९२३ च्या सुमारास हा वेळ तासांवर आणला. जो पदार्थ पत्र्यावर झटपट वाळतो तो नखावरही वाळणार, हे ओळखण्यास फार बुद्धी लागत नाही. क्यूटेक्स या अमेरिकन नावाखाली द्रव नखरंग १९१७ पासूनच बाजारात होता, परंतु तो पारदर्शक छटेचा असे. १९३२ साली स्थापन झालेल्या रेव्हलॉन कंपनीने रंगद्रव्य घातलेला, नख पूर्णपणे झाकणारा रंग विक्रीस आणला आणि आजचे नेलपॉलिश जन्मास आले. आपल्या देशात टाटा ऑइल मिल्सने १९५२ मध्ये लॅक्मे हा उद्योग सुरू केला, तेव्हापासून देशी बनावटीची सौंदर्यप्रसाधने मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली.

येथे एका शब्दाची हकीगत सांगण्यासारखी आहे. इंग्रजीतील ‘लॅकर’ हा शब्द मूळचा आपला. संस्कृत ‘लाक्षा’, प्राकृत ‘लक्ख’, त्यावरून फारसी व अरबी रूपे, आणि त्यानंतर पोर्तुगीज ‘लाका’ व ‘लाक्रे’ अशा वाटेने तो युरोपात गेला. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवरील किड्यांची लाख हीच त्या शब्दाची जननी. रंगांच्या परिभाषेत ‘लेक’ नावाचा एक रंगद्रव्यांचा वर्ग आहे, तोही याच लाखेवरून आला. म्हणजे लॅकर व तिच्यातील लेक, दोन्ही नावे लाखेची. मात्र आजच्या बाटलीत लाखेचा थेंबही नसतो.

वाळणे म्हणजे काय

बाटलीतील द्रवाचा सुमारे सत्तर टक्के भाग हा केवळ द्रावकांचा असतो. एथिल ॲसिटेट आणि ब्यूटिल ॲसिटेट ही त्यांतील प्रमुख. यांचा फळासारखा उग्र-गोड वास सर्वांच्या परिचयाचा आहे. जवसाच्या तेलाचा रंग हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होतो. नेलपॉलिशचे तसे नाही. येथे कोणतीही रासायनिक क्रिया घडत नाही. द्रावक उडून जाते आणि त्यात विरघळलेले नायट्रोसेल्युलोज मागे राहते, इतकेच. म्हणूनच वाळलेल्या रंगावर पुन्हा द्रावक लावले की तो पुन्हा विरघळतो. रिमूव्हर म्हणून विकले जाणारे ॲसिटोन हे असेच एक द्रावक होय.

एकच द्रावक का वापरीत नाहीत, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात विचारण्याजोगा आहे. एथिल ॲसिटेट ७७ अंश सेल्सिअसला उकळते, ब्यूटिल ॲसिटेट १२६ अंशांना. पहिले लवकर उडते, त्यामुळे रंग ओघळत नाही. दुसरे रेंगाळते, त्यामुळे ब्रशाच्या रेघा एकमेकींत मिसळून पृष्ठभाग सपाट होण्यास अवसर मिळतो. केवळ चपळ द्रावक घातले तर रेघा तशाच राहतील, केवळ मंद घातले तर नवरी मांडवात येईपर्यंत नखे ओलीच राहतील.

आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. द्रावक उडताना नखावरील थर गार पडतो, जसा ओल्या अंगाला वारा लागला की गारवा वाटतो. हवा दमट असेल तर त्या गार थरावर दवासारखे बारीक पाणी साचते. नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. ते त्या ठिकाणी साकळते आणि रंगावर पांढुरका, धुरकट पडदा येतो. कपाटाला लॅकर मारणारे सुतार हा प्रकार पुरेपूर ओळखतात. आषाढात ‘लॅकर पांढरी पडली’ म्हणून ते काम थांबवतात किंवा थिनरमध्ये मंद द्रावक वाढवितात. नखांच्या बाबतीत उपाय सोपा आहे. पातळ थर द्यावा, तो वाळल्यावर दुसरा द्यावा, आणि लवकर वाळावे म्हणून पंख्याच्या झोताखाली हात धरून बसू नये, कारण वाऱ्याने द्रावक जितके वेगाने उडेल तितका थर अधिक गार होईल.

बाटलीतील रंग घट्ट झाल्यास त्यात रिमूव्हर ओतण्याची सवय सर्वत्र आढळते. रिमूव्हरमध्ये पुष्कळदा पाणी व तेल मिसळलेले असते. त्यामुळे रंग पातळ झालेला दिसला तरी पापुद्रा बिघडतो व दोन दिवसांत टवके उडतात.

कापूर, एरंडेल आणि त्यांचे वारसदार

नुसत्या नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा काचेसारखा ठिसूळ असतो. नख मात्र वाकते. ही विसंगती दूर करण्यासाठी साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देणारा एखादा पदार्थ मिसळावा लागतो. पूर्वी हे काम कापूर आणि एरंडेल करीत. एरंडीच्या उत्पादनात जगात भारताचा पहिला क्रमांक असून त्यातही गुजरातचा वाटा सिंहाचा आहे, हे बडोद्याकडील वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे डायब्यूटिल थॅलेट नावाचे रसायन स्वस्त व गुणकारी म्हणून रूढ झाले. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचा प्रजननसंस्थेवर दुष्परिणाम दिसून आल्यावर युरोपीय संघाने २००४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांत त्याच्या वापरास मनाई केली. त्याच्या जागी ज्या पदार्थांनी प्रवेश केला त्यांत ट्रायफेनिल फॉस्फेट हे एक होते. हे मूलतः प्लॅस्टिक व फोम यांना आग लागू नये म्हणून वापरले जाणारे रसायन. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत २६ स्त्रियांनी भाग घेतला. नखांना रंग लावल्यानंतर १० ते १४ तासांनी त्यांच्या मूत्रात या रसायनापासून शरीरात बनणाऱ्या द्रव्याचे प्रमाण सुमारे सातपट आढळले. हातमोजे घालून त्यावरील कृत्रिम नखांना रंग लावला तेव्हा मात्र अशी वाढ दिसली नाही. यावरून ते श्वासावाटे नव्हे, तर नख व त्याभोवतीची त्वचा यांवाटे शिरते असा निष्कर्ष निघतो. सातपट वाढ म्हणजे सातपट अपाय असा त्याचा अर्थ नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पाहणी लहान होती आणि मोजले गेले ते प्रमाण, रोग नव्हे. परंतु नखावरचा रंग नखावरच राहतो हा समज मात्र तिने खोटा ठरविला.

पापण्यांवरील पुरळ

नायट्रोसेल्युलोजला नखाशी घट्ट धरून ठेवण्यासाठी व चकाकी वाढविण्यासाठी एक राळही घालावी लागते. दीर्घकाळ यासाठी टोल्यूइन सल्फोनामाइड आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून बनविलेली राळ वापरण्यात येत असे व काही ठिकाणी आजही येते. काही व्यक्तींच्या शरीरास ही राळ सोसत नाही. चमत्कार असा की पुरळ बोटांवर क्वचितच उठते. ते उठते पापण्यांवर, गालांवर, हनुवटीखाली आणि मानेवर, कारण दिवसभरात हात नकळत त्याच ठिकाणी फिरतो आणि तेथील कातडी बोटांपेक्षा कितीतरी नाजूक असते. रुग्ण स्त्री काजळ बदलते, साबण बदलते, केसांचे तेल बदलते. खरा दोष दहा बोटांच्या टोकांवर असतो आणि तो दृष्टीसमोर असूनही दिसत नाही. पापण्या वारंवार सुजत व खाजत असतील तर तीन-चार आठवडे नखे कोरी ठेवून पाहावे आणि त्वचारोगतज्ज्ञांना नेलपॉलिशचा उल्लेख आवर्जून करावा. अलीकडे अनेक उत्पादक या राळेऐवजी पॉलिएस्टर जातीच्या राळा वापरतात.

बाटल्यांवर ‘थ्री-फ्री’, ‘फाइव्ह-फ्री’, ‘टेन-फ्री’ अशी अक्षरे हल्ली दिसतात. ‘थ्री-फ्री’ म्हणजे टोल्यूइन, फॉर्मल्डिहाइड व डायब्यूटिल थॅलेट हे तीन पदार्थ नाहीत असा दावा. पुढचे आकडे कोणते पदार्थ वगळल्याचे दर्शवितात हे मात्र ज्याचा तो उत्पादक ठरवितो. आकडा मोठा म्हणजे माल अधिक निर्धोक, असे समीकरण मांडता येत नाही.

रंग, माती आणि पोलादी गोळ्या

रंगद्रव्ये मुख्यतः खनिज किंवा कृत्रिम असतात. पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, गेरूसारख्या तांबूस व पिवळसर छटांसाठी लोहाची ऑक्साइडे, गडद निळ्यासाठी प्रशियन ब्लू, आणि तेजस्वी लाल-गुलाबीसाठी वर उल्लेखिलेली ‘लेक’ रंगद्रव्ये. मोतिया झळाळी पूर्वी माशांच्या खवल्यांतून काढलेल्या ग्वानिन नावाच्या स्फटिकांनी आणीत. आज ती बहुधा टायटॅनियमचा थर दिलेल्या अभ्रकाने आणतात.

ही रंगद्रव्ये द्रावकाहून जड असल्याने तळाशी बसणार हे उघड आहे. त्यांना तरंगत ठेवण्याचे काम माती करते. हेक्टोराइट किंवा बेन्टोनाइट जातीची प्रक्रिया केलेली चिकणमाती त्यात घातलेली असते. बाटली स्थिर असताना तिचे कण पत्त्यांच्या घरासारखी रचना करून रंगाला आधार देतात. हलविताच ती रचना मोडते व द्रव पातळ होतो. थांबताच पुन्हा उभी राहते. बाटली हलविल्यावर जो टकटक आवाज येतो तो ढवळण्यासाठी आत सोडलेल्या लहान पोलादी गोळ्यांचा असतो.

मेंदी, मतदानाची शाई आणि नेलपॉलिश

नख हे केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते व ते निर्जीव असते. त्यास श्वास घ्यावा लागतो, म्हणून मधूनमधून नखे उघडी ठेवावीत, असे म्हटले जाते ते शास्त्रास धरून नाही. नखाच्या मुळाशी असलेल्या जिवंत पेशींना प्राणवायू रक्तातून मिळतो. सतत गडद लाल रंग लावल्याने नखे पिवळी पडतात ती रंगाचा अंश आत झिरपल्यामुळे, गुदमरल्यामुळे नव्हे.

मेंदीतील लॉसोन हे द्रव्य केराटिनशी जोडले जाते. म्हणून मेंदी खरवडून निघत नाही. नख वाढेल तसा रंग पुढे सरकतो. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. निवडणुकीच्या वेळी डाव्या तर्जनीवर जी पक्की शाई लावतात तीही याच जातीची. कर्नाटक शासनाच्या म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या कारखान्यात ती १९६२ पासून तयार होते. तिच्यातील चांदीचे नायट्रेट त्वचेशी व नखाशी संयोग पावते आणि उजेडात काळे पडते. ॲसिटोनने नेलपॉलिश निघते, पण शाई निघत नाही याचे कारण हेच. नखावर आधीच रंग असेल तर शाई त्या रंगावरच बसेल आणि त्याबरोबर पुसली जाईल, हे मतदान केंद्रावर काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना माहीत असावयास हवे. शाईची रेघ नखाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या तळापर्यंत, म्हणजे त्वचेवरूनही ओढण्याची पद्धत २००६ पासून आहे. त्वचेवरील खूण रंगाखाली झाकून ठेवता येत नाही.

दुसरी बाब दवाखान्यातील आहे. २०२० व २०२१ च्या साथीत बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर गावोगावी पोहोचले. हे यंत्र नखातून लाल व अवरक्त प्रकाश पार करून रक्तातील प्राणवायूचा अंदाज घेते. काळा, निळा किंवा हिरवा रंग हा प्रकाश अडवितो व आकडा काही अंशी कमी दाखविला जाण्याचा संभव असतो. रंग पुसून मोजणे उत्तम. रिमूव्हर हाताशी नसेल तर यंत्र बोटाच्या बाजूंनी आडवे लावून पाहावे. शस्त्रक्रियेपूर्वी परिचारिका नखे कोरी करण्याचा आग्रह धरतात त्यामागेही हे एक कारण आहे, आणि नख निळसर पडले का हे डोळ्यांना दिसावे हे दुसरे.

आगीचा धोका

या सर्व विवेचनात सर्वांत महत्त्वाची गोष्ट आगीची. रॉकेलवर वाफ पेटण्याइतकी साचण्यास सामान्यतः ३५ अंशांहून अधिक उष्णता लागते. एथिल ॲसिटेटची वाफ उणे ४ अंशांना, आणि ॲसिटोनची सुमारे उणे २० अंशांना पेट घेऊ शकते. अर्थात आपल्याकडील कोणत्याही ऋतूत, दिवसाच्या कोणत्याही वेळी, उघड्या बाटलीवर पेटण्याजोगी वाफ असतेच. ही वाफ हवेहून दुप्पट ते चौपट जड असल्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत पसरते. लग्नघरातील प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. खोलीत खाली चटईवर नवरी बसलेली, भोवती मुली, मध्ये रिमूव्हरची उघडी बाटली व भिजलेले बोळे, खिडक्या लावलेल्या, आणि दोन हातांवर पाटावर समई तेवत असलेली. वाफ दिसत नाही. ती समईपर्यंत जाते आणि ज्वाला उलट बाटलीपर्यंत येते. चूल, गॅसची शेगडी, उदबत्ती, डासांची अगरबत्ती, विडी, यांपैकी काहीही जवळ असताना रंग लावू नये व पुसू नये. भिजलेले बोळे चुलीत टाकू नयेत. हाताला ओला रंग असताना फोडणी टाकण्यास उठू नये.

रिमूव्हरची बाटली पाण्याच्या बाटलीसारखी दिसते व तिला मधुर वास येतो. पाच वर्षांखालील मुलांच्या दृष्टीने ही दोन्ही लक्षणे घातक आहेत. द्रव पोटात गेल्यास उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये, कारण उलटीच्या वेळी तो फुप्फुसांत शिरण्याची भीती असते. मुलास बाटलीसह तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोळ्यांत उडाल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. कृत्रिम नखे चिकटविण्याचा सायनोॲक्रिलेट गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडल्यास तो एकाएकी तापतो व भाजू शकतो. तो पुसण्यास कापूस वापरू नये.

ब्यूटी पार्लर चालविणाऱ्या भगिनींनी, विशेषतः स्वयंसहाय्य गटांतून हा व्यवसाय सुरू करणाऱ्यांनी, खोलीस समोरासमोर हवा खेळती राहील अशा खिडक्या ठेवाव्यात. गिऱ्हाईक अर्धा तास बसते. काम करणारी दहा तास त्याच हवेत असते. दिव्याखाली घट्ट होणारे ‘जेल’ पॉलिश हा वेगळाच प्रकार आहे. त्यात द्रावक उडून जात नाही, तर अतिनील प्रकाशाने ॲक्रिलेट जातीचे रेणू एकमेकांना जोडले जातात. न जोडलेला जेल वारंवार त्वचेस लागल्यास आयुष्यभराची ॲलर्जी जडू शकते, आणि याच जातीची द्रव्ये दात भरण्याच्या साहित्यातही असल्याने पुढे दंतवैद्याकडे अडचण येते. या जेलमध्ये वापरले जाणारे टीपीओ हे रसायन युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत वर्ज्य केले आहे.

लेबल वाचताना

सौंदर्यप्रसाधनांचे उत्पादन १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखाली येते व २०२० साली त्यासाठी स्वतंत्र नियम करण्यात आले. उत्पादकाचे नाव व ठिकाण, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत बाटलीवर असणे आवश्यक आहे. वापरलेल्या रंगांत आर्सेनिक दशलक्ष भागांत २ भागांहून व शिसे २० भागांहून अधिक नसावे, अशी मर्यादा आहे. घटकद्रव्यांची यादी देण्याचे बंधन मात्र ६० मिलिलिटरहून लहान बाटल्यांना नाही, आणि नेलपॉलिशची बाटली क्वचितच १५ मिलिलिटरच्या पुढे जाते. ज्या प्रसाधनात काय आहे हे कळणे सर्वांत अगत्याचे, तेच या सवलतीत बसावे ही गोष्ट ग्राहक संघटनांनी विचारात घेण्यासारखी आहे. तूर्त, जे उत्पादक आपखुशीने यादी छापतात त्यांचा माल निवडणे ग्राहकाच्या हाती आहे. जत्रेतील बिननावाच्या, बॅच क्रमांक नसलेल्या बाटलीत काय आहे हे दुकानदारासही ठाऊक नसते.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

रंगहीन नेलपॉलिशचा एक उपयोग शाळेत करता येतो. जास्वंदीच्या किंवा अन्य गुळगुळीत पानाच्या खालच्या बाजूस त्याचा नखाएवढा पातळ थर द्यावा आणि दहा-पंधरा मिनिटे पूर्ण वाळू द्यावा. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून हळूच ओढली असता पापुद्रा तिच्याबरोबर सुटून येतो. तो काचपट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. द्रव असताना नायट्रोसेल्युलोज पानाच्या प्रत्येक खाचेत शिरलेले असते, त्यामुळे पर्णरंध्रांचे ठसे त्यात स्पष्ट उमटलेले दिसतात. त्याच पानाच्या वरच्या बाजूचा ठसा घेऊन दोहोंतील रंध्रे मुलांना मोजावयास सांगावीत. लवदार पानांवर हा प्रयोग साधत नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि त्या दिवशी त्याच टेबलावर स्पिरिटचा दिवा पेटवू नये.